पहिलं पाणी

डुल्सीन कोरियाच्या घरात चौतीस वर्षं दर सोमवारी देवाचे कपडे धुतले जात. देवाचे म्हणजे वेदीवरचे. मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, चालू असताना चषक आणि तबक ज्याच्यावर ठेवतात तो चौकोनी रुमाल, चषक पुसायचे लांबट रुमाल, फादरांचे हात पुसायचे पंचे. अंधेरीच्या त्या गावठाणात जुनी माणसं चर्चला अजून देऊळच म्हणतात. तिथल्या बायका आपसात बोलायच्या की डुल्सीनच्या नवऱ्याच्या शर्टाची कॉलर कधी ताठ दिसली नाही, पण देवळातलं कापड बघा. इनास बिचारा हसून सोडून द्यायचा. तो गेला त्यालाही आता नऊ वर्षं झाली. शवपेटीत घातलेल्या त्याच्या शर्टाची कॉलर मात्र डुल्सीनने अशी कडक केली होती की बघणाऱ्यांना त्यानेच जास्त रडू आलं.

हे काम तिला सासूकडून मिळालं आणि कामाबरोबर एक नियमही. मिस्सात फादर ख्रिस्तप्रसादाची भाकर मोडतात तेव्हा बारीक कण त्या रुमालावर पडतात. डोळ्यांना दिसतीलच असं नाही. पण कण केवढाही असो, तो देवच. म्हणून ते रुमाल आधी साध्या पाण्यात, साबण न लावता, भिजवून खळबळायचे आणि ते पहिलं पाणी गटारात जाऊ द्यायचं नाही. मातीत ओतायचं, तेही जिथे कुणाचा पाय पडत नाही अशा जागी. मग पुढचं धुणं खुशाल मोरीत, हव्या त्या साबणाने. सासू नतालिनबाय ते पाणी घरामागच्या रायआवळ्याच्या बुंध्याशी ओतायची, तिच्यानंतर डुल्सीन तिथेच ओतू लागली. त्या झाडाला आवळे इतके लगडायचे की शेजारी विचारायचे, खत कुठलं घालता. दोघी सासू-सुना कधी काही सांगायच्या नाहीत.

आता खरं सांगायचं तर डुल्सीनला नुसती बसून प्रार्थना जमत नसे. जपमाळ हातात घेतली की तिसऱ्या-चौथ्या मण्यापाशी तिला गॅसवरचं दूध आठवायचं. पण हातात इस्त्री असली की प्रार्थना आपोआप व्हायची. चौकोनी रुमालाची घडी अशी घालतात की उलगडल्यावर त्यावर नऊ घरं उमटतात, आणि घडी आतल्या बाजूला मिटायची, म्हणजे काही राहिलंच असेल तर सांडायला नको. एकेका घरावरून इस्त्री फिरवताना डुल्सीन एकेकाचं नाव घ्यायची. एक घर इनासचं, एक नतालिनबायचं, एक मुलाचं, ग्लेनचं, एक ज्याला मूल होत नाही त्याचं, एक ज्याची बायको सोडून गेली त्याचं. गावठाणातल्या अर्ध्या लोकांना पत्ता नव्हता की दर मंगळवारी आपल्यावरून गरम इस्त्री फिरते.

मग गावठाणातलं घर बिल्डरकडे गेलं. दिरांनी सह्या केल्या, ग्लेननेही केली, आणि डुल्सीनने सगळ्यांत शेवटी. रायआवळा तोडला त्या दिवशी ती मुद्दाम बाजारात जाऊन बसली. तिथे टॉवर होईपर्यंत भाड्याने राहायला दिंडोशीत अकराव्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. ग्लेन विमानतळावर कार्गोत, शिफ्टचं काम. त्याची बायको तेजल मुलुंडच्या हिंदू घरातली, एका ऑफिसात हिशेब तपासणारी, शांत आणि कामसू. तिने माहेरून येताना तुळस आणली होती. बाल्कनीचा अर्धा भाग त्या कुंडीनेच व्यापलेला. सासूसुनेचं बरं चालायचं. तेजल शुक्रवारी सासूसाठी मासे वर्ज्य की मटण, हे लक्षात ठेवायची आणि डुल्सीन एकादशीला कांद्याचा वास येऊ द्यायची नाही.

प्रश्न होता तो पहिल्या पाण्याचा. अकराव्या मजल्यावर माती कुठली? खाली सोसायटीत जी काही होती तिथे सोसायटीचे कुत्रे आपले कार्यक्रम उरकत. ग्लेनने एक कुंडी विकत आणून दिली, तर त्यातली माती अशी भुसभुशीत की ओतलेलं पाणी क्षणात खालच्या भोकातून बाहेर, तिथून नळीत आणि नळीतून थेट गटारात. चर्चमध्ये साक्रिस्तीत, म्हणजे फादर कपडे बदलतात त्या खोलीत, यासाठीच एक दगडी कुंड होतं. त्याची नळी थेट जमिनीत जायची. पण नूतनीकरणात त्यावर कपाट बसलं. आवारातली बाग गेली, तिथे पेव्हर ब्लॉक आले आणि गाड्या उभ्या राहू लागल्या. देवाच्या घरात देवाला मुरायला वीतभर जागा राहिली नाही, आणि कुणाला त्याचं काही वाटलंही नाही.

तेव्हा डुल्सीनने आरेच्या जंगलाचा रस्ता धरला. सोमवारी रुमाल खळबळून पाणी बाटलीत भरायचं. बुधवारी इस्त्री केलेले कपडे पोचवायला निघाली की बसने आरेत मध्येच उतरायचं, तबेल्यांच्या पुढे, झाडं दाट होतात तिथे. एका बेहड्याच्या मुळाशी बाटली रिकामी करायची, क्रूसाची खूण करायची आणि मागून येणारी बस पकडायची. एकदा तिथल्या पाड्यावरच्या एका माणसाने तिला हटकलं. झाडाला औषध घालून मारायला कुणी पाठवलंय का, असं तो विचारत होता. तिने सांगितलं की तीर्थ आहे. त्याने हात जोडले, वर पुढच्या वेळी जरा त्या वाळत चाललेल्या आंब्यालाही घाला म्हणाला. दोन वर्षं हे चाललं, आणि आंब्याला फुटवा आला असं डुल्सीनचं ठाम मत होतं.

गेल्या श्रावणात ती बसमधून उतरताना पाय घसरून पडली. गुडघा सुजला, आणि आधीच थरथरणारा उजवा हात त्या दिवसापासून जास्तच थरथरू लागला. डॉक्टरांनी त्या थरथरीचं काहीतरी लांबलचक नाव सांगितलं आणि ग्लेनने तिचं आरेत उतरणं बंद केलं. बाटल्या स्वयंपाकघराच्या ओट्याखाली साचू लागल्या. पाच झाल्या तेव्हा तेजल सासूला बाल्कनीत घेऊन गेली आणि तुळशीकडे बोट दाखवून म्हणाली, "मम्मा, इथे ओता ना. पिंपाएवढी कुंडी आहे, मुळांनी भरलीय. तांब्याभर पाणी घातलं तरी खाली थेंब येत नाही. आणि हिच्यावर तर कुणाचा पाय पडत नाही."

डुल्सीनने नाही म्हटलं. तेजलने का म्हणून विचारलं तर तिला नीट सांगता येईना. तुझ्या देवाच्या घरात माझ्या देवाला कसं नेऊन ठेवू, असं काहीतरी ती पुटपुटली. तेजल म्हणाली की मीच तर बोलावतेय. पण डुल्सीनला ते पटलं नाही. फादर काय म्हणतील, नतालिनबाय काय म्हणाली असती, असं सगळं एकदम तिच्या डोक्यात आलं, आणि तेजलचं तोंड उतरलेलं दिसत असूनही ती बाल्कनीतून आत निघून आली. शेवटी एका दुपारी ग्लेनने पाचही बाटल्या गाडीने आरेत नेऊन ओतल्या. त्यानंतर त्याला वेळ झाला नाही.

अशात चर्चमध्ये कारभारीपणाचा रविवार आला. नवे प्रमुख धर्मगुरू फादर एलायस वसईकडचे, उमदे, सगळ्यांना नावाने ओळखणारे. त्यांनी प्रवचनात सांगितलं की आपल्याकडे जे आहे ते आपलं नाही, देवाने सांभाळायला दिलंय. आपण मालक नव्हे, कारभारी. तेव्हा प्रत्येक कुटुंबाने ठरवावं की प्रार्थनेत किती वेळ देणार, कुठली सेवा करणार आणि दान काय देणार. डुल्सीनला ते शब्द मनापासून आवडले. मग फॉर्म वाटले गेले. हल्ली फॉर्मशिवाय काही होत नाही, उद्या स्वर्गाच्या दारातही पेन शोधावं लागेल. तीन रकाने होते, आणि सगळ्यांत खाली एक ओळ: आपल्या धर्मग्रामाला, म्हणजे या चर्चच्या परिवाराला, कशाची गरज आहे असं तुम्हाला वाटतं?

तीन रकाने तिने तेजलकडून भरून घेतले, पण ती शेवटची ओळ मात्र स्वतः लिहिली, थरथरत्या अक्षरात, अर्धी दुपार लावून. साक्रिस्तीतलं जुनं कुंड उघडून द्यावं, किंवा आवारात एक हातभर माती मोकळी ठेवावी, म्हणजे वेदीच्या कपड्यांचं पहिलं पाणी तिथे ओतता येईल. आयुष्यात चर्चकडे तिने मागितलेलं हे एवढंच. फॉर्म पेटीत टाकताना तिला जरा लाजही वाटली, की देण्याच्या कागदावर आपण मागून बसलो.

आठ दिवसांत फादरांचा फोन आला. आंटी, तुमचा फॉर्म वाचला, माझ्या लक्षातच आलं नव्हतं तुम्ही एवढ्या लांबून एवढी ओझी नेता, आता काळजी सोडा, मी व्यवस्था केलीय, रविवारी साडेआठच्या मिस्साला या, असं ते म्हणाले. डुल्सीनने फोन ठेवला आणि तेजलला सांगितलं की कुंड उघडणार. त्या रात्री तिने जेवणात बोंबलाची चटणी दोनदा घेतली.

रविवारी मिस्सा संपल्यावर फादरांनी तिला वेदीसमोर बोलावलं. तिच्या शेजारी विन्स्टन रिबेलो उभा होता. सुटाबुटातला, पण माणूस भला. त्याची चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये लॉन्ड्री आहे, मोठमोठ्या हॉटेलांच्या चादरी तिथे धुतल्या जातात. फादरांनी माईकवरून सांगितलं की विन्स्टनने आपल्या फॉर्ममध्ये सेवा म्हणून चर्चचे सगळे कपडे कायमचे धुऊन, इस्त्री करून द्यायचं कबूल केलंय, आणि आपल्या डुल्सीन आंटी चौतीस वर्षांच्या सेवेनंतर आता विश्रांती घेतील. एकाची गरज दुसऱ्याच्या दानाने भागते, यालाच कारभारीपण म्हणतात. मग तिच्या खांद्यावर शाल पडली, हातात मातेची छोटी मूर्ती आली, आणि सगळं चर्च उभं राहून टाळ्या वाजवू लागलं.

आता अशा वेळी माणसाने काय करावं? दोनशे माणसं आपल्यासाठी टाळ्या वाजवतायत, काहींच्या डोळ्यांत पाणी आहे, आणि आपण म्हणायचं की थांबा, मी हे मागितलंच नव्हतं? हात थरथरताना दिसू नये म्हणून डुल्सीनने मूर्ती छातीशी धरली. शिवाय तिच्या मनात एक डागही होता. महिन्याभरापूर्वी तिच्या हातून इस्त्री एका रुमालावर जरा जास्त वेळ टेकली होती आणि पिवळट ठसा उमटला होता. तिने तो रुमाल गुपचूप आपल्या कपाटात ठेवून पदरचा नवा शिवून दिला होता. कुणाला कळलं नव्हतं, पण तिला तर माहीत होतं. ती माईकमध्ये थँक यू म्हणाली आणि खाली उतरली.

घरी येऊन तिने स्वतःची समजूत घातली. आपण मालक नव्हे, कारभारी. मालकाने काम काढून घेतलं तर का म्हणून विचारायचं नसतं. सेवा गेली ती गेली. तिचा अभिमान दुखावला होता, नाही असं नाही, आणि तो तिने जमेल तसा गिळला. पण पाण्याचं काय? ते लॉन्ड्रीत कोण बघणार? ते काही तिला गिळता येईना, आणि तीन दिवसांनी ती फादरांच्या ऑफिसात जाऊन बसली.

फादर एलायसनी तिचं शांतपणे ऐकून घेतलं आणि तिचं बरोबर आहे हेही मान्य केलं. नियम आहेच, माझ्या डोक्यातून निसटलं, असं ते म्हणाले. कुंडावरचं कपाट हलवायला सुतार लागेल, ते पुढे कधीतरी बघू. तोवर आंटींनी सोमवारी यावं, रुमाल इथेच बादलीत खळबळून द्यावेत, पाणी मी कुठेतरी नीट ओतायची सोय करतो, आणि मग विन्स्टनच्या गाडीत कपडे जातील. त्यांनी लगेच चर्चचा गडी राजाराम याला हाक मारून तसं बजावलंही. डुल्सीनला एवढा धीर आला की जिना उतरताना गुडघा दुखायचा राहिला.

पण विन्स्टनची गाडी सोमवारी सकाळी सात वाजता यायची. हॉटेलांच्या फेरीत चर्च पहिलं पडायचं, कारण तेव्हा रस्ते मोकळे. पहिल्या सोमवारी डुल्सीन सव्वासातला पोचली. दुसऱ्या सोमवारी ती पाच वाजता उठली, साडेसहाला चर्चच्या फाटकाशी हजर झाली, तर राजारामने आदल्या संध्याकाळीच पिशवी वॉचमनकडे देऊन ठेवलेली आणि गाडी त्या दिवशी नेमकी सहालाच येऊन गेलेली. राजाराम कानाला हात लावून म्हणाला की आंटी, चुकलंच, पुढच्या वेळी नक्की. पुढच्या वेळी तो गावाला गेला होता. त्याच्या पुढच्या वेळी डुल्सीनलाच ताप होता. फादरांना प्रत्येक वेळी मनापासून वाईट वाटायचं. कुणीही तिला नाही म्हणत नव्हतं, हीच तर पंचाईत होती. नाही म्हणणाऱ्याशी भांडता येतं.

कपडे परत यायचे ते प्लास्टिकच्या पाकिटात, गुलाबाच्या वासाचे, पांढरेशुभ्र. तिच्या हातून इतके पांढरे कधी झाले नव्हते, हे तिलाही कबूल करावं लागलं. पण चौकोनी रुमालाची घडी उलटी, चार घरांची, बाहेरच्या बाजूला उघडणारी. तिसऱ्या बाकावरून तिला दिसायचं की फादर तो रुमाल झटकन उलगडतात. ती डोळे मिटून घ्यायची. घरी मंगळवारी दुपारी ती जपमाळ घेऊन बसायची आणि चौथ्या मण्यापाशी थांबायची. इनासचं नाव घ्यायला रुमालावरचं घर नव्हतं. एकदा तर तिने तो डाग पडलेला रुमाल काढला, ओट्यावर अंथरला आणि थंड इस्त्री त्याच्यावरून फिरवून पाहिली. काही झालं नाही.

अकरा सोमवार असे गेले. बाराव्या सोमवारी तिने ग्लेनला न सांगता रिक्षा केली आणि ती चारकोपला गेली.

लॉन्ड्री म्हणजे एक लांबलचक शेड, आत वाफेने डोळ्यांपुढे धुरकट झालेलं. विन्स्टन बाहेरगावी होता. कपडे निवडणारी एक चाळिशीची बाई, संघमित्रा, तिला खुर्ची घेऊन सामोरी आली. चर्चची पिशवी म्हटल्यावर तिने लगेच ओळखली आणि समोरच्या मशीनकडे बोट दाखवलं. आत्ताच टाकली मावशी, हॉटेलच्या नॅपकिनांबरोबर, दोन्ही सुतीच ना. पिंपाएवढ्या त्या मशीनला गोल काच होती. काचेआड फेसात लाल किनारीचे नॅपकिन वर-खाली होत होते, आणि मधूनच एखादा पांढरा रुमाल काचेला चिकटून परत आत जात होता.

डुल्सीनने मशीन बंद करायला सांगितलं. संघमित्रा म्हणाली की मधेच बंद होत नाही, पाणी भरलं की दार लॉक होतं, चाळीस मिनिटं तरी उघडायचं नाही. मग डुल्सीनने विचारलं की पाणी कुठे जातं. शेडच्या मागे एक जाड पाइप होता आणि त्याच्या खाली उघडं गटार. डुल्सीन तिथे जाऊन उभी राहिली. पाइपमधून राखाडी पाणी धबाधबा सुटलं आणि फेस गटारातून पुढे वाहत गेला. तिला गुडघे टेकायचे होते, पण सुजलेला गुडघा वाकेना, म्हणून ती कडेच्या कट्ट्यावर बसली आणि तिने क्रूसाची खूण केली. 'हे आमच्या स्वर्गातील बापा' ही प्रार्थना तिने सुरू केली, ती रोजची भाकर मागण्याच्या ओळीपर्यंत आली आणि तिथेच अडकली. अकरा सोमवारांचं सगळं इथून गेलं होतं.

संघमित्रा मागोमाग आली होती. गटाराकडे बघत बसलेली म्हातारी पाहून तिला वेगळंच वाटलं.

"मावशी, काही पडलं का गटारात?"

"हो."

"सोन्याचं होतं?"

"नाही गं." डुल्सीनने अंगठा आणि बोट जुळवून दाखवलं. "एवढंसं. मोहरीएवढं."

संघमित्रा आत जाऊन लोखंडी सळई घेऊन आली, पदर खोचून वाकली आणि गटाराच्या तळाचा गाळ ढवळू लागली. डुल्सीनने तिला राहू दे म्हणून दोनदा सांगितलं. पण ती ऐकेना. एवढ्या लांब आलात तर काहीतरी मोलाचं असणार, असं म्हणत तिने पार नाल्याच्या तोंडापर्यंत शोधलं. शेवटी उभी राहून कपाळ पुसत म्हणाली की इथून एकदा नाल्यात गेलं की खाडीत जातं, आणि खाडीतून कोण काढणार. तिला खरंच वाईट वाटलं होतं. मग तिला सुचलं की मशीनचं दुसरं पाणी अजून सुटायचंय, त्यात कदाचित असेल. तिने साबणाची एक रिकामी बाटली आणली, पाइपखाली धरली आणि भरून डुल्सीनच्या हातात दिली. डुल्सीनने ती पदराखाली घेतली.

दुपारी ती दिंडोशीला घरी पोचली तेव्हा तेजल बाल्कनीत तुळशीच्या मंजिऱ्या खुडत होती. डुल्सीन चपला न काढताच तिच्यापाशी गेली. रिक्षात सगळी वाट ती एकाच गोष्टीचा विचार करत होती. त्या दिवशी हिने बोलावलं तेव्हा आपण या कुंडीत ओतलं असतं, तर फॉर्मवर ती ओळ लिहिली नसती. ओळ लिहिली नसती तर शाल नाही, लॉन्ड्री नाही, काही नाही. देवाला राहायला जागा एका बाईने आपण होऊन देऊ केली होती, आणि आपणच त्याला दारातून परत फिरवलं.

"तेजल, मी चुकले," ती म्हणाली. "हे इथे ओतू का?"

तेजलने बाटली हातात घेतली, झाकण उघडून वास घेतला, आणि तिचा चेहरा पडला. "मम्मा, यात साबण आहे. आणि ब्लीच. तुळस जळेल."

तेजलने सासूच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग तुळशीकडे. मुलुंडहून आईने दिलेली ती तुळस आठ वर्षांची होती. तिने खाली बसून कुंडी दोन्ही हातांनी जरा पुढे ओढली आणि बाटली परत सासूच्या हातात दिली.

"ओता," ती म्हणाली.

पाणी चांगलं होतं तेव्हा डुल्सीनने दुसऱ्याच्या देवाचं घर म्हणून नको म्हटलं होतं. आता हे पाणी घेऊन ते घर कसं जाळायचं? तिने झाकण लावलं आणि बाटली कुंडीशेजारी जमिनीवर ठेवली.

ती बाटली अजून तिथेच आहे. फेस कधीच बसला, तळाशी थोडा साका आहे. तेजल सकाळी तुळशीला पाणी घालते तेव्हा बाटली उचलून तिच्याखालची फरशी पुसते आणि परत होती तशी ठेवते. ग्लेनने सांगितलंय की एखाद्या रविवारी गाडीने आरेत नेऊन ओतू. त्याला रविवारी ड्यूटी असते. सोमवारी सकाळी सात वाजता डुल्सीन जपमाळ घेऊन बाल्कनीत येते आणि अंधेरीच्या बाजूला तोंड करून बसते. तेवढ्या वेळात गाडी चर्चमधून निघालेली असते.